टेन्शनर जुनाच

मी डूख धरते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी बिचारी म्हणायला नको. लोक म्हणतात विसरून जावं, मोठ्या मनाने सोडून द्यावं. सोडतात ते सोडोत बापडे. मी अकरा वर्षं एका माणसाची वाट बघितली आणि तो एका मंगळवारी सकाळी साडेनऊला आपणहून माझ्या गॅरेजात आला.

त्याची गाडी जुनी, करडी. एकोणीसशे सीसीचं टर्बो-डिझेल इंजिन, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. हे इंजिन बनायचं बंद होऊन किती वर्षं झाली. मोठ्या वर्कशॉपमध्ये नेलं तर तिथले लोक बोनेट उघडतात, एकमेकांकडे बघतात आणि हळूच परत लावतात. माझ्याकडे मात्र या इंजिनाचं टायमिंग अडकवून ठेवायच्या पिना आहेत, पान्हे आहेत आणि मुख्य म्हणजे त्याच्या सगळ्या खोडी मला तोंडपाठ आहेत. म्हणून लोक लांबून लांबून येतात. डिझेलताई म्हणतात मला. खरं नाव विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही, आणि त्याचाच मला फायदा झाला.

खोडी म्हणजे काय, तर टर्बोचा रबरी पाइप चिरतो आणि चढावर गाडी शिट्टी मारायला लागते. टर्बोचं सील गेलं की तेल जळतं आणि मागून निळा धूर निघतो. थंडीत ग्लो प्लग दगा देतात, सकाळी चालू होताना इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकतं. हे सगळं चालतं, यातलं काहीही इंजिनाचा जीव घेत नाही. जीव घेतो तो टायमिंग बेल्ट. या इंजिनात पिस्टन वर येतो त्याच जागेत व्हॉल्व्ह खाली उतरतो, दोघांनी पाळीपाळीने यायचं, आणि ही पाळी सांभाळतो एक दातेरी रबरी पट्टा. त्याने दोन-चार दात सोडले की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि आठच्या आठ व्हॉल्व्ह वाकतात. तो पट्टा ताणून धरणारी पुली म्हणजे टेन्शनर. तिच्या आत बेअरिंग असतं, ते सुकलं की नवा कोरा बेल्टसुद्धा वाचत नाही. म्हणून बेल्ट बदलला की टेन्शनरही बदलायचा, यात दुसरा विचार नाही. हे मला बाबांनी शिकवलं.

बाबा एका मोठ्या वर्कशॉपमध्ये हेड मेकॅनिक होते. मी तेवीस वर्षांची असताना त्यांच्याच शब्दावर तिथे लागले. बाबांचा पिट, म्हणजे गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा, सहा नंबरचा, माझा सात. सगळ्यांच्या वर फोरमन. त्याची पद्धत अशी की दिवसभर हुकूम तोंडी द्यायचे आणि जॉबकार्डं संध्याकाळी स्वतः बसून एकगठ्ठा भरायची. कुठल्या गाडीला काय केलं हे कार्डावर त्याच्या अक्षरात यायचं, मेकॅनिकची नुसती सही. सगळे डोळे झाकून सही करायचे. मीही केली.

त्या दिवशी याच जातीचं इंजिन माझ्या पिटावर होतं. बेल्ट नवा आला होता, टेन्शनर आला नव्हता. मी फोरमनला म्हटलं, उद्या येईल, उद्या लावू. त्याने पिटाच्या कडेला उभं राहून सांगितलं, "जुनाच बसव. गाडी आज द्यायची आहे." मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तो खेकसला. मी जुनाच बसवला. संध्याकाळी त्याने कार्डावर लिहिलं, बेल्ट आणि टेन्शनर नवीन, आणि मी खाली सही ठोकली. न वाचता. ती माझी चूक, तेवढी मी कोणाच्याही तोंडावर मान्य करते.

आठव्या दिवशी ती गाडी दोरीने ओढून आणली. आठही व्हॉल्व्ह वाकडे, एका पिस्टनला भोक. मालक स्वतः खाली उतरून आला. फोरमनने कार्ड पुढे केलं आणि सांगितलं की मी बदलायला सांगितला होता, हिने आळस केला आणि वर मला खोटं सांगितलं. मी ओरडले की हा माणूस धादांत खोटं बोलतोय. मी सगळ्यांकडे बघून विचारलं, कोणी ऐकलं का याला सांगताना? अकरा जण उभे होते आणि अकराच्या अकरा मूग गिळून बसले. मग बाबा पुढे आले. मला वाटलं, आले आता. त्यांनी मालकापुढे हात जोडले आणि म्हणाले, "माझ्या मुलीची चूक झाली. मी माफी मागतो."

मला त्याच दुपारी काढून टाकलं. नोकरी गेल्याचं काही नाही, नोकऱ्या मिळतात. पण बापाला मी खोटारडी वाटले, हे मला आतून पोखरत राहिलं. त्यानंतर घरी विषय निघाला की बाबा एवढंच म्हणायचे, एकदा मान्य कर आणि मोकळी हो. मी म्हणायचे, नाही केलं तर मान्य काय करू? मग ते उठून जायचे. पै-पाहुण्यांमध्ये सांगायचे, पोरीचा हात सोन्याचा आहे, पण चूक कबूल करायची म्हणजे हिच्या जिवावर येतं. मी हे गॅरेज काढलं, नाव कमावलं, आई गेल्यावर बाबांना माझ्याकडे आणलं. घरापासून गॅरेज दहा मिनिटांवर. सहा वर्षांत बाबांनी एकदाही इथे पाय ठेवला नाही. मी समजून चुकले होते की जोवर तो फोरमन स्वतःच्या तोंडाने बोलत नाही तोवर माझा बाप माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

तर तो फोरमन मंगळवारी आला. केस पांढरे, पोट सुटलेलं, पण बोलणं तेच, समोरचा बहिरा असल्यासारखं. मी चष्मा लावते आता, अंगानेही भरले आहे, डोक्याला फडकं होतं. त्याने मला ओळखलं नाही. याचा मला जास्त राग आला, खरं सांगते. ज्याच्यासाठी आपण अकरा वर्षं दात-ओठ खाल्ले, त्याच्या लेखी आपण कोणीच नाही.

गाडी चढावर शिट्टी मारते म्हणाला. मी बघितलं, पाइप चिरला होता. म्हटलं, बदलून देते. मग त्यानेच बेल्टचा विषय काढला. पाच वर्षं झाली म्हणाला, बेल्टही नवा टाकून द्या.

त्या क्षणाला माझ्या डोक्यात सगळं लख्ख मांडलं गेलं. हा माणूस मला पाठ होता. याला सल्ला दिला की हा उलट करतो, आणि पुस्तकाचं नाव काढलं की याच्या अंगाचा तिळपापड होतो. मी मान खाली घालून, आवाज अगदी मऊ करून म्हटलं की साहेब, पुस्तकात बेल्टबरोबर टेन्शनरही बदला असं लिहिलंय.

तो हसला. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कधी हात काळे केलेत का, म्हणाला. तीस वर्षं मी हीच इंजिनं बघितली, एक टेन्शनर दोन बेल्टना पुरतो. मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. आणि जॉबकार्ड पुढे सरकवलं. माझ्या गॅरेजात कार्ड आधी भरायचं, गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने, आणि मगच मी पान्हा उचलते. सगळ्यांना माहीत आहे. त्याने माझ्याकडून पेन घेतलं आणि ऐटीत लिहिलं: फक्त बेल्ट, टेन्शनर जुनाच. खाली सही, तारीख. तेच अक्षर, ट-ची तीच लांब शेपटी.

तो गेल्यावर मी बेल्टचं कव्हर उघडलं. जुना बेल्ट काढला आणि टेन्शनर बोटांनी फिरवला. वाळू दळल्यासारखा खरखरला. मी कान लावून परत फिरवला. दोन महिने, मनात म्हटलं. फार तर दोन महिने.

मोबाइल खिशात होता. कोणीही इमानदार मेकॅनिक त्या वेळी फोन करतो आणि सांगतो की साहेब, लिहिलं ते लिहिलं, पण येऊन बोट लावून बघा. मी फोन केला नाही. पुढचं ऐका, तेही लपवत नाही. मी हाही विचार केला की बेल्ट तुटला तर गाडी भर रस्त्यात बंद पडेल, ब्रेक दगडासारखा कडक होईल, शेजारी त्याची बायको बसलेली असेल. हा विचार मी पूर्ण केला आणि बाजूला ठेवला. बाकी काम मी असं केलं की देवानेही बोट दाखवू नये. एक नट सैल सोडला नाही. पाइप नवा, क्लॅम्प नवे, टायमिंग पिना लावून अगदी बरोब्बर. आणि त्या सगळ्याच्या मधोमध तो खरखरणारा टेन्शनर, त्याच्या हुकमाप्रमाणे.

सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांत फोन वाजला की त्याचा नसू दे असं वाटायचं, आणि तो त्याचा नसला की मी चिडायचे. दोन्ही खरं.

एका शनिवारी दुपारी टोइंगवाल्याने ती करडी गाडी माझ्या दारात उतरवली. मागून रिक्षातून फोरमन उतरला, घामाने निथळत. कोणाला लागलं नव्हतं. चढावर, सिग्नलच्या अलीकडे, खट्कन आवाज होऊन सगळं बंद, एवढंच. मी सुटकेचा श्वास टाकला आणि तो कोणाला दिसू दिला नाही. शेजारचा गाड्या रंगवणारा काका हातात स्प्रेगन तशीच घेऊन बाहेर आला, टोइंगवाला पट्टे सोडता सोडता थांबला.

फोरमन गरजायला लागला. बाईमाणसाच्या हातात इंजिन दिलं इथेच माझं चुकलं, दुकान बंद करून दाखवतो, वगैरे. मी त्याला पुरता रिकामा होऊ दिला. मग आत जाऊन कार्ड आणलं आणि रंगारीकाकाच्या हातात दिलं. म्हटलं, काका, जरा मोठ्याने वाचा. काकाने वाचलं. फक्त बेल्ट, टेन्शनर जुनाच. खाली साहेबांची सही.

फोरमनने कार्ड ओढून घेऊन स्वतः वाचलं. मग म्हणाला, "मी काहीही लिहीन. मेकॅनिक तुम्ही आहात, तुम्हाला कळायला नको?"

"अकरा वर्षांपूर्वी हेच म्हणाला असतात तरी चाललं असतं," मी म्हटलं. "तुम्ही तर जुना बसवायला सांगितलंच नाही म्हणालात. सात नंबरचा पिट. हेच इंजिन, हाच टेन्शनर."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी चष्मा काढला, डोक्याचं फडकं काढलं. त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला आणि तो तिथेच टायरवर बसला. तो क्षण मी अकरा वर्षं रोज मनात जगले होते, आणि खोटं कशाला बोलू, तो मनातल्यापेक्षाही गोड लागला.

मी त्याला सरळ सांगितलं. हे इंजिन या गावात दुसरं कोणी उभं करू शकत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मी करीन, चोख करीन. पण त्याआधी माझ्या वडिलांसमोर एक वाक्य बोलायचं, की तुम्ही सांगितलं होतं. नाहीतर गाडी अशीच उचला आणि भंगारात घाला. त्याने कपाळ पुसलं आणि बोलव म्हणाला. मघाशी मला तुम्ही म्हणत होता, आता पूर्वीसारखा तू-वर आला होता.

मी बाबांना फोन केला. गॅरेजात या, आत्ता, एवढंच म्हटलं. माझा आवाज ऐकून त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण वीस मिनिटांत आले. दारात थबकले. फोरमनला बघून त्यांनी चपलेतला पाय मागे घेतला. मी त्यांचा दंड धरून त्यांना आत आणलं आणि गाडीच्या बोनेटसमोर उभं केलं. मी फोरमनला म्हटलं, बोला.

फोरमन उठून उभा राहिला. जमिनीकडे बघत म्हणाला, "मी सांगितलं होतं तिला, जुनाच बसव म्हणून. कार्ड मी नंतर खोटं भरलं. तिची काही चूक नव्हती."

रंगारीकाकाने जिभेने च्यक् केलं. मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं होतं ते रडतील, किंवा फोरमनच्या अंगावर धावून जातील, किंवा माझ्या डोक्यावर हात ठेवतील. यातलं कुठलंही चाललं असतं. बाबा बोनेटकडे बघत होते. चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून नव्हतं.

फोरमनच गोंधळला. एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघून म्हणाला, "पण हे याला कशाला सांगायला लावलंस? हा शेजारच्या पिटात तर होता. याने ऐकलं होतं सगळं. त्याच संध्याकाळी मला म्हणालाही, साहेब, टेन्शनर जुना गेलाय, बरोबर नाही."

टोइंगवाल्याने गाडीत बसून हळूच दार लावून घेतलं.

मी विचारलं, "बाबा, हा खोटं बोलतोय ना?" मला खरंच तसं वाटत होतं. याचा खोटेपणा मला माहीत होता, बाबांचा माहीत नव्हता.

बाबा म्हणाले, "चौदा महिने राहिले होते माझे."

निवृत्तीला. एवढंच कारण. मी तरुण होते, मला कुठेही काम मिळालं असतं, त्यांना त्या वयात कोणी उभं केलं नसतं. मालकाच्या मर्जीतला फोरमन, त्याच्याविरुद्ध बोलले असते तर दोघंही रस्त्यावर आलो असतो. हे सगळं ते तुटक तुटक बोलले, आणि वाईट याचं वाटतं की ते मला पटलं. दोघांनी बुडण्यापेक्षा एकीने बुडावं, हा हिशेब मी स्वतःही केला असता कदाचित. त्यांनी त्या रात्री मला येऊन सांगितलं असतं की पोरी, माझा नाइलाज होता, तर मी त्यांच्यासाठी आणखी दहा वेळा खोटारडी झाले असते. हसत झाले असते.

पण त्यांनी काय केलं? जेवताना म्हणाले, मान्य कर आणि मोकळी हो. सगळं ठाऊक असून. स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असून. पाहुण्यांत, शेजाऱ्यांत, आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसूनसुद्धा. आई गेली ती मुलगी खोटं बोलते असं समजून गेली.

मी म्हटलं, "चौदा महिने समजले, बाबा. नोकरी तेव्हाच संपली. पुढची दहा वर्षं कशासाठी?"

ते वळले आणि निघून गेले. मी त्यांना हाक मारली नाही.

फोरमनचं इंजिन मी आठ दिवसांत उभं केलं. हेड खोललं, वाकलेले आठही व्हॉल्व्ह काढले, नवे बसवून घासून घेतले, बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप सगळं नवं. पहिल्या किल्लीला चालू झालं. फोरमन गाडी न्यायला आला तेव्हा काहीतरी बोलणार होता, पण मी म्हटलं, जा तुम्ही, तुमचं माझं फिटलं. आणि गंमत म्हणजे खरंच फिटलं होतं. अकरा वर्षं जपलेला राग, आणि त्या माणसाच्या नावाचा त्यात एक थेंब उरला नव्हता. सगळाच्या सगळा घरी राहायला आला होता.

बाबांना मी घराबाहेर काढलेलं नाही. आवाज चढवलेला नाही. त्यांची औषधं वेळेवर देते, कपडे धुते, डॉक्टरकडे नेते. फक्त रोज संध्याकाळी ताट वाढलं की समोर बसते आणि विचारते, पुढची दहा वर्षं कशासाठी? पहिल्या दिवशी म्हणाले, जेवू दे मला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तुझ्या आईला कळलं असतं तर तिने मला उभं केलं नसतं. मी म्हटलं, म्हणजे मला आईपुढे खोटी पाडलीत ती स्वतःला वाचवायला. एकदा म्हणाले, लाज वाटत होती. मी म्हटलं, ती तर पहिल्या वर्षी, नंतर? ते ताटावरून उठले.

आज बाविसावा दिवस. काल त्यांनी माझ्यापुढे हात जोडले, जसे त्या दिवशी मालकापुढे जोडले होते तसेच, आणि म्हणाले, "आता पुरे कर गं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, नाही असं नाही. पण ते उत्तर नव्हे. आज ताट वाढून झालंय, ते हात धुऊन येतायत, आणि मी आजही विचारणार आहे.